तिरफळांनंतरची वाटी

बायको यमुना गेल्यावर लवू स्वयंपाक शिकला तो फळीकडून. पावस गावातल्या घरात चुलीशेजारी एक लांब फळी होती आणि यमुनेने तिच्यावर डबे आपल्या मनाने लावलेले. मसाल्याजवळ मसाला, डाळीजवळ डाळ असलं काही नव्हतं. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट रश्शाला, जे लागतं ते डावीकडून ओळीने. हळद, तिखट, धणे, तिरफळं, मग एक पितळेची वाटी, मग आमसुलं. चहापलीकडे काही न येणारा लवू हात पुढे पुढे सरकवत जाई आणि शेवटी तिच्याच हातचं तिखलं होई. वाटीत पूड असे. ती कसली, हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. चिमूटभर घालायची, एवढंच. हल्ली तर तळ दिसायला लागला होता, म्हणून चिमूटही तो लहान घेई.

मे महिन्यात मुलगा सर्वेश आणि सून समीक्षा मुंबईहून आली. सासऱ्याची आबाळ बघून समीक्षाने दुपारभर खपून फळी घासली, नवे डबे भरले, जातवारीने लावून वर नावं चिकटवली.

"बाबा, आता डोळे मिटून सापडेल सगळं."

संध्याकाळी लवूने बांगडे चुलीवर ठेवले. हळद घातली. हात पुढे गेला तर मोहरी.

"बाबा, बांगडे शिजतायत की विचार?" सर्वेश हसला.

नावं वाचत वाचत लवू तिरफळांपर्यंत आला आणि थांबला.

"अगो, पुढची वाटी कुठाय?"

"कशाची वाटी?"

"तिरफळांनंतरची."

"असं कसं समजणार? नाव सांगा ना."

नाव त्याच्याकडे नव्हतं. "पितळेची. पूड होती तळाला."

समीक्षाचा चेहरा उतरला. "ती होय? जुनी वाटली मला. गरम मसाल्यात ओतली. पण बाबा, पुन्हा करू आपण. काय काय असायचं त्यात?"

लवूने सर्वेशकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी नुसता खायचो."

रस्सा आटत चालला. समीक्षाने पुढे होऊन आमसुलं टाकली, भांडं उतरवलं. वाटी मोरीवर पालथी होती, घासून लख्ख. लवूने उचलून नाकाशी धरली. साबणाचा वास आला. त्याने ती पुसली आणि तिरफळांच्या नव्या डब्याशेजारी ठेवली.

"त्यात काय भरू, बाबा?" समीक्षाने हळूच विचारलं.