मशीन चालू असताना

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात एकच नियम होता, वडिलांनी घालून दिलेला: कागद कापायचं मशीन चालू असताना तोंड बंद. लक्ष हललं की बोट गेलंच म्हणून समजा. वडिलांचं स्वतःचं अर्धं बोट त्यातच गेलेलं, त्यामुळे नियमाला पुरावा कायम हजर असायचा.

मी पडलो शीघ्रकोपी. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माझा धाकटा भाऊ बारक्या तसा थंड, पण अडला की अडला. वडील गेल्यावर त्यांच्या नियमाचा मी भलताच उपयोग शोधून काढला. शब्दाला शब्द लागायला लागला की सरळ मशीनचं बटण दाबायचं. खडखडाट सुरू झाला की दोघंही गप्प. कापायला काही नसलं तर रद्दी कापायची. मशीन थांबेपर्यंत राग उतरलेला असायचा, निदान माझा तरी. बावीस वर्षं आमचं भांडण झालं नाही. शेजारचा चष्मेवाला आपल्या मुलांना आमचं उदाहरण द्यायचा, आणि मी लेकाचा कॉलर ताठ करून हिंडायचो.

गेल्या वर्षी बारक्याची शिलाई बिघडायला लागली. पानं वरखाली, दोरा सैल. एका वकिलाची चार जाडजूड पुस्तकं परत आली. मी बोललो, नको तेवढं बोललो. झोपेत शिवतोस का, इथपर्यंत गेलो. त्यानं हातातलं दाभण खाली ठेवलं.

"दादा, जरा बोलायचंय. चिडू नकोस."

चिडू नकोस म्हटलं की मी आधी चिडतो. त्यातून त्याचा मेहुणा हल्ली फार येत-जात होता. मला वाटलं, झालं, हा आता दुकानाची वाटणी मागणार. माझा हात बटणावर गेला. तो थोडा वेळ उभा राहिला, मग खाली बसून पुन्हा शिवायला लागला.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर रद्दीसुद्धा नव्हती. मी चांगले कोरे कागद कापले.

मग एका सकाळी त्यानं दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि एका शाळेत शिपायाची नोकरी धरल्याचं सांगितलं. भांडला नाही. भांडायची सवयच मी कुठे ठेवली होती त्याला! मीही फुगून बसलो. गेला तर गेला, माझं काय अडलंय.

दोन महिन्यांनी त्याची बायको बाजारात भेटली, तेव्हा कळलं. वर्षभरापूर्वीच त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई आणि दाभण तीन महिने सोडा, हात पूर्वीसारखा होईल. आता त्या बोटांना गरम-गारसुद्धा कळत नाही, आणि कळणारही नाही म्हणतात.

"त्यांना एवढंच विचारायचं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "तेवढे तीन महिने पुठ्ठे चिकटवू का म्हणून."

पुठ्ठे चिकटवायचे! अरे, घरी बसून राहा म्हणालो असतो मी. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझी जीभ परवडली. नडलं ते माझं बोट.

रविवारी त्याच्याकडे गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली, शाळेतल्या कवितेसारखी पाठ केली. तो स्वयंपाकघरात होता, डाव्या हातानं मिक्सरमध्ये टोमॅटो टाकत होता. उजवा हात ओट्यावर तसाच ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"बारक्या, चुकलं रे माझं. मी तुला एकदा तरी..."

"राहू दे, दादा," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाला. आणि त्यानं मिक्सर सुरू केला.

टोमॅटोंचा केव्हाच रस झाला होता, तरी तो बटण बंद करेना. मला ओरडून बोलता आलं असतं. पण मशीन चालू असताना बोलायचं नाही, हे आम्हा दोघांच्या हाडात मुरलंय. मी दारात त्याच्या पाठीकडे बघत तोंड मिटून उभा राहिलो.