सात दोरे आणि गंजका काटा

पौर्णिमेच्या सकाळी बान नोंगयाव गावच्या चिंचेखाली दीडशे माणसं मनगटं पुढे करून बसली होती. वैद्यकीची एकही परीक्षा न देता ‘मो’, म्हणजे वैद्य, झालेले सिंगखाम एकेकाला पांढरा दोरा बांधत होते.

“दर पौर्णिमेला एक दोरा! सात दोरे, सात कुलपं! यम आला तरी किल्ली शोधत बसेल!”

मागे फलक होता: ‘सात दोरे पूर्ण – ९६ जण, मृत्यू शून्य. दोरे अपुरे – १४४ जण, मृत्यू ३१. विद्यापीठानेही मोजून पाहावे!’

पहिल्याच रांगेत लुंग, म्हणजे थोरले मामा, बुन्मा बसले होते; शेजारी त्यांची भाची दारिन. त्यांचं हृदय दुबळं. आज पहिला दोरा बांधला आणि हृदयाच्या गोळ्या बंद केल्या, कारण मोंचं वचन होतं, “दोरा आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत.”

“लुंग, गोळ्या नका सोडू,” दारिन कळवळून म्हणाली.

“तू आकड्यांचं शिकतेस ना? मग मोज की! खोटं निघालं तर लगेच गोळ्या घेतो.”

मोंनी नोंदवही हसतहसत पुढे केली. “काढ फोटो, पोरी. सत्याला कॅमेऱ्याचं भय नसतं!”

दारिन शहरातल्या विद्यापीठात जीवसांख्यिकीच्या पदव्युत्तर वर्गात होती. आरोग्यावरच्या संशोधनाचे आकडे पारखायचे, हेच तिचं शिक्षण. तिने सरकारी नोंदींशी एकेक मृत्यू ताडून पाहिला. वही खरी होती! संगणक म्हणाला, एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य.

विभागाच्या गुरुवारच्या बैठकीत तिने आकडे मांडले. “आचान, दोरे... काम करतात असं दिसतंय.”

चुकीचा निष्कर्ष मांडणाऱ्याने सगळ्यांना सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं तिखट सॅलड, खिलवायचं, असा विभागाचा रिवाज होता. मागून तिचा वर्गमित्र तोन ओरडला, “माझ्यात मिरच्या चार!”

आचान, म्हणजे प्राध्यापक, विलाई या तिच्या मार्गदर्शक. त्यांनी एकच विचारलं, “घड्याळ कधी सुरू केलंस?”

“म्हणजे?”

“सातवा दोरा घ्यायला सातव्या पौर्णिमेपर्यंत जगावं लागतं ना? मग तोवर न मेल्याचं श्रेय दोऱ्याला कसं देतेस?”

दारिनने कपाळावर हात मारून घेतला.

“रडू नकोस गं. याच चुकीचं सोम तम मीही खिलवलंय.”

शनिवारी मोंचा दरबार भरला. लुंगच्या पायांवर सूज चढली होती. दारिन आली ती गावच्या आरोग्य स्वयंसेविका ‘पा’, म्हणजे मावशी, लमाई यांना घेऊन. त्यांच्या डोक्यावर वजनाचा गंजका काटा होता.

“पा, तुमची वही वाचा,” दारिन म्हणाली.

पा लमाईंनी चष्मा चढवला. “पहिल्या दोऱ्यापासून सातव्यापर्यंत, त्याच सात महिन्यांत, याच आजाऱ्यांची दरमहा वजनं केली. सातही वेळा काट्यावर चढले एकशे चार. मेले शून्य. एखादी तरी खेप चुकली, असे एकशे छत्तीस. मेले एकतीस.”

कुणी तरी म्हणालं, “म्हणजे काटाही सिद्ध?”

“तर! उद्यापासून मला फुलं वाहा!” पा म्हणाल्या. चिंचेखाली हशा पिकला.

“काट्याची थट्टा पुरे!” मो गरजले. “ज्यांची श्रद्धा अपुरी, तेच दोरे सोडतात आणि मरतात!”

“मग हे बघा,” दारिनने फोटो पुढे केला. “खामपन. दोरे तीन. शेरा: श्रद्धा अपुरी.”

लुंग ताडकन उठले. खामपन त्यांचा जिवलग. “अरे, तो चौथ्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेला! तिन्ही दोऱ्यांसकट मी खांदा दिलाय त्याला. चौथा घ्यायला काय चितेवरून उठून येणार होता?”



दारिन सांगू लागली, “जो जगला तोच सातव्या दोऱ्यापर्यंत पोचला. जो वाटेत गेला तो आपोआप ‘अपुऱ्या’ रकान्यात पडला. दोऱ्याने माणसं जगवली नाहीत, जगलेली माणसं दोऱ्याने निवडली. आता सगळ्यांचं घड्याळ पहिल्या दिवसापासून लावू. दोरा घेतलेले दोनशे चाळीस, मेले एकतीस. सरकारी नोंदींप्रमाणे शेजारच्या तालुक्यात त्याच वयाचे, त्याच दुखण्याचे, दोरा न बांधलेले दोनशे. त्यांतले त्याच काळात गेले सव्वीस. शंभरात तेरा इथेही, तिथेही.”

लुंगनी त्याच दुपारी दवाखाना गाठला. आता मनगटावरचा दोरा गोळ्यांच्या पाकिटाला बांधून चिकट भाताच्या टोपलीवर टांगलाय. “आत्ता कुठे उपयोगी पडला!” म्हणतात. पायांची सूज उतरली. दारिनचं सोम तमही देऊन झालं. तोनला मिरच्या आठ.

वाचकहो, ढोंगी माणूस दरवेळी खोटेच आकडे देतो असं नाही. खरे आकडेही तो अशा बेताने मांडतो की मेलेल्यांना बोलता येत नाही. म्हणून चमत्काराचा हिशेब कुणी दाखवला, तर दोन प्रश्न जरूर विचारा: मोजायला सुरुवात कधी केली? आणि जे आज इथे नाहीत, त्यांना कुठल्या रकान्यात टाकलं?