लाल पट्टा

मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही. नेंगाह रुगेग मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत बोलत राहिला.

शेजारच्या मादे कोंद्राचा कुत्रा त्याच्या पोटरीला चावला आणि भातखाचरातून पसार झाला. नेंगाहच्या बायकोनं, लुहनं, त्याला नळाखाली बसवलं, साबण लावला आणि पाव तास धार सोडून ठेवली. तो कण्हला की ती म्हणे, "चावताना कुत्र्यानंसुद्धा एवढा आवाज केला नाही." मग वस्तीचे प्रमुख स्कूटर घेऊन आले.

प्रमुख निर्धास्त होते. कुत्र्याच्या गळ्यातला लाल पट्टा सगळ्यांनी पाहिला होता. आमच्या बालीत सरकारी माणसं कुत्र्याला लस टोचून लाल पट्टा बांधतात. बिनपट्ट्याचा सापडला की त्याला विषाची सुई. आमच्या वस्तीत बिनपट्ट्याचा एकही कुत्रा नाही म्हणून प्रमुखांचा सत्कार झाला होता. दवाखान्यात जायचं ते लुहच्या समाधानासाठी, असं ते वाटेत पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि नेंगाह मागून "हो ना, पट्टा होताच" म्हणत होता.

नेंगाह शिंपी. लशीच्या दिवशी निम्मी कुत्री खाचरात पळाली होती, आणि देवळाच्या छत्र्यांचं लाल कापड त्याच्याकडे उरलं होतं. विषाची गाडी यायच्या आत गल्लीतल्या घराघरानं त्याच्याकडून पट्टे नेले. शिलाई इतकी हुबेहूब, की सरकारी कुठला आणि आपला कुठला हे त्यालाही ओळखू येईना. याचा त्याला अभिमान होता. आता कोंद्रानं पट्टा नेला होता का, हे आठवताना त्याच्या घशाला कोरड पडली. पिसाळलेल्याला पाणी गिळता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं स्कूटर थांबवायला लावून टपरीवर पाणी पिऊन पाहिलं. गेलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पिऊन पाहिलं.

दवाखान्यात नर्सबाईंनी पोटरी पाहिली.

"कुत्र्याला पट्टा होता?"

"होता तर," प्रमुख म्हणाले. "निघतो आम्ही."

नेंगाह उठला नाही. बोलावं तर गल्लीतली कुत्री जाणार आणि शेजारी त्याचं तोंड पाहणार नाहीत. न बोलावं तर तो स्वतः जाणार.

"तो पट्टा मी शिवलेला असेल," तो म्हणाला. "गल्लीतले बरेचसे माझेच आहेत."

प्रमुखांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आमच्या कुत्रीचा?"

"वहिनी स्वतः येऊन घेऊन गेल्या, प्रमुख. मापासकट."

तोवर नर्सबाईंनी त्याच्या दंडात सुई टोचलीसुद्धा होती. मग पट्ट्याचं कशाला विचारलंत, असं नेंगाहनं विचारलं. त्या म्हणाल्या, बोलण्यात गुंतला की माणूस दंड सैल सोडतो.

पट्टा असो नसो, त्या दवाखान्यात कुत्रा चावलेल्या सगळ्यांनाच लस टोचतात.