न लागलेली गाठ

मित्रांनो, मी इस्पितळाच्या तपासणी खोलीतला सूक्ष्मदर्शक आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझं चाक नको तितकं सैल झालं आहे आणि तीन भिंगांपैकी एकावर बुरशी चढली आहे. माझ्यावर वाकणाऱ्या माणसाला वाटतं, तो बघतो आहे. खरं तर त्याला जवळून बघत असतो मी.

माझी पहिली वर्षं एका महाविद्यालयात गेली. तिथे कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचे, एकेका दिवसाचे काप माझ्याखाली येत. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून पातळ चादर करत, ती चादर वळून नळी होई आणि त्या नळीचा पुढे मेंदू नि मज्जारज्जू होई. काही पेशी मात्र वेळ आली की पकड सोडून दूर जात आणि नव्या जागी घर करत. शिकवणारे सर म्हणायचे, "धरायचं कधी आणि सोडायचं कधी, हे या पिल्लाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." मुलं हसायची. मीही सुखात होतो.

मग तिथे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मला इस्पितळात पाठवलं. इथे मला बाई मिळाल्या. रोग्याच्या अंगातून काढलेल्या तुकड्याचे काप करायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे, हे त्यांचं काम. तीस वर्षांचा हात. डॉक्टरांच्या आधी त्या माझ्यातून बघत आणि काय असेल ते पुटपुटत. शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर. उरलेल्या पाचांबद्दल त्या बोलत नसत. डॉक्टर चिडवत, की बाई, आता अहवालावर सहीही तुम्हीच ठोका. बाईंना ते आवडे, आणि आवडत नाही असं दाखवायलाही आवडे.

एका दुपारी बाईंची थोरली बहीण त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली. जाता जाता म्हणाली, की महिनाभर छातीची एक बाजू जड वाटते आहे, कातडी जाडसर लागते आहे. बाईंनी दार लोटलं, हात धुतले आणि नीट चाचपून पाहिलं.

"ताई, गाठ नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं गाठीच कापतेय मी. मला कळणार नाही?"

बहीण निर्धास्त होऊन गेली. चौदा महिन्यांनी पाठ दुखायला लागली तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं. कर्करोग हाडांत पोचला होता.

छातीतला तुकडा बाईंनी स्वतः कापला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काचेवर पुंजका असा नव्हताच. रोगट पेशी सुट्या सुट्या, मुंगीमागे मुंगी जावी तशा, चरबीत शिरल्या होत्या. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थच त्यांच्यातून गेला होता. अशा पेशींची बोटाला लागेल अशी गाठ बरेचदा होतच नाही. बाईंना हे ठाऊक होतं. अशा काचा त्यांनी शेकड्याने रंगवल्या होत्या. पण बहिणीच्या अंगावर हात ठेवला तेव्हा त्यातली एकही आठवली नाही.

डॉक्टरांनी, तो जोडणारा पदार्थ असेल तिथेच चढणारा खास रंग लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या निरोगी पेशींना सुरेख तपकिरी कडा आल्या. बाकी सगळं कोरं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, रंग चढला नसेल. पुन्हा करून बघू."

"चढलाय," बाई म्हणाल्या. "कोपरा बघा ना."

बहीण बाहेर बाकावर बसली होती. बाई दारात गेल्या तशी तिने विचारलं, "गाठ निघाली का गं?"

"नाही ताई. गाठ नाही निघाली."

"मग? तू तर तेव्हाच सांगितलं होतंस," बहीण म्हणाली आणि बाईंच्याच पाठीवरून हात फिरवला.

पाच महिन्यांनी ती गेली. बाई अजून कामावर येतात. काप तेवढेच पातळ, रंग तेवढाच नेटका. पण काच तयार झाली की सरळ डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवून येतात. माझ्यावर प्लास्टिकची पिशवी असते, ती कुणी काढत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी मागणार नाही. पण घरात आई, मावशी, आत्या कधी म्हणाली, की इथे काही जड वाटतंय, जाड लागतंय, तर ‘गाठ नाही ना’ एवढ्यावर कुणाला थांबू देऊ नका. सांगणारं माणूस कितीही जाणतं असो, कितीही मायेचं असो. बाई दोन्ही होत्या.