अध्यक्षांच्या नजरेला नजर

ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्यांना विचारल्याशिवाय तो घ्यायचा नाही, हे स्वमग्न मुलांच्या पालकांनी काढलेल्या त्या संस्थेचं ब्रीद होतं. सभेच्या खोलीत ते सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. पुढे कपाट आल्यामुळे त्यातलं 'घ्यायचा नाही' एवढंच वाचता येई.

विचारायला म्हणून यंदा कार्यकारिणीवर एक स्वमग्न बाई घेतली होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे ठरावाची सगळी पानं तिने एकटीनेच वाचली होती. संस्थेच्या वसतिगृहातल्या अकरा जणांना 'बरं करणारं' नवं औषध देऊन पाहायचं होतं. जे बोलत नाहीत, त्यांच्या वतीने कार्यकारिणीची संमती पुरेशी होती. तिचा धाकटा भाऊ तिथेच राहत होता. तो बोलत नसे. मागच्या औषधानंतर तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कुणाला काही म्हणायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

बोलायला हात वर करणं त्यांना शाळकरी वाटे. त्यांच्या डोळ्यांत बघायचं, त्यांनी मान डोलावली की बोलायचं. ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नसे. त्यामुळे गेल्या चार सभांत तिने चकार शब्द काढला नव्हता, आणि इतिवृत्तात तिच्या शांत स्वभावाचं कौतुक होतं.

"आमची ताई आजही गप्पच," खजिनदारबाई म्हणाल्या. "म्हणजे होच की!"

"माझ्या घरी माझंही असंच धरतात," उपाध्यक्ष म्हणाले. हशा पिकला.

भावाला आधी विचारा, तो चित्रांवर बोट ठेवून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. तिने मान उचलली आणि अध्यक्षांच्या डोळ्यांत बघितलं. विहिरीच्या काठावरून पाय सुटावा तसं झालं. कानांत ठोके पडायला लागले. तरी तिने नजर हलवली नाही.

अध्यक्षांचे डोळे पाणावले.

"अहो, बघितलंत? पोरीने नजर मिळवली! नुसत्या आपल्या सहवासाने एवढा फरक, तर औषधाने काय होईल! करा, करा हात वर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पत्रे अंगावर कोसळावेत तसा तो आवाज आला, आणि तिने दोन्ही हात उचलून कान गच्च दाबले.

चिटणिसांनी त्यातला एकच हात मोजला. नियमाला ते पक्के होते.

ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला डोस सोमवारी सकाळी आठला होता.