पहिला घोट

ताईने त्याच्या पांढऱ्या झग्याची गळपट्टी तिसऱ्यांदा सरळ केली आणि तिसऱ्यांदाच त्याने ती वाकडी केली.

"गळा गाण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही," ती म्हणाली.

आज तो चर्चचा पाळक म्हणून पहिली उपासना घेणार होता. लहानपणापासून सगळे त्याला भोंगा म्हणत. बारमध्ये गाता गाता दारूच्या आहारी गेलेला, ताईच्याच लग्नात गाणं म्हणता म्हणता स्टेजवरून कोसळलेला हा भोंगा गेली सहा वर्षं थेंबाला शिवला नव्हता. आता तो तुरुंगात आणि व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन भजनं गायचा. ताईला त्याचा फार अभिमान होता आणि ती तो दूधवाल्यालाही ऐकवत असे.

"ताई, माझ्याच्याने नाही होणार."

"काय?"

"प्रभुभोजन. पाळकाने प्याल्यातून पहिला घोट घ्यायचा असतो." त्याने आवाज खाली आणला. "सहा वर्षांत मी एकदाही घेतलेला नाही. प्याल्यासाठी रांग लागली की मी पियानोपाशी डोळे मिटून गात राहायचो. एक कडवं संपलं की दुसरं. लोकांना वाटायचं, काय ही भक्ती! मी वाइनला भीत होतो. एक घोट पोटात गेला, की सहा वर्षं पाण्यात. मोठ्या पाळकांना सांगतो, दुसरं कुणी बघा."

त्याने झग्याचं वरचं बटण काढलं.

वेदीची मांडणी करणारी मावशी कोपऱ्यात प्याला पुसत होती. तिने ताईकडे पाहिलं.

"सांगून टाक, मावशी," ताई म्हणाली. "मी आणखी किती दिवस तोंडाला कुलूप लावू?"

मावशीने कपाटातून बाटली काढली, उघडली आणि त्याच्या नाकाखाली धरली. तो भिंतीपर्यंत मागे सरकला. मग थांबला आणि पुन्हा वास घेतला.

"ही वाइन नाही."

"नुसती द्राक्षं. दर शनिवारी मी घरी उकळून गाळते. तू पहिल्यांदा शेवटच्या बाकावर येऊन बसलास ना, त्याच्या पुढच्या रविवारपासून."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"जिभा आहेत त्यांना. बैठक झाली, सगळ्यांनी हात वर केले. तुला सांगायचं नाही, हे मात्र मी बजावलं. कानकोंडा होऊन यायचाच बंद झाला असतास."

तो स्टुलावर बसला.

"आणि मी सहा वर्षं नुसता गात सुटलो."

"बरंच झालं की. तेवढीच रांग कंटाळायची नाही."

त्याने झग्याच्या बाहीने डोळे पुसले. ताईने एरवी झग्याला डाग पडेल म्हणून आरडाओरडा केला असता. तिने फक्त त्याचं बटण लावलं.

तासाभराने त्याने वेदीपाशी भाकर मोडली आणि प्याला उचलला. पहिल्या बाकावर ताई ताठ बसली होती, सगळं चर्च तिनेच बांधल्यासारखी. त्याने घोट घेतला.

रांगेत सर्वांत पुढे पियानोवाले काका होते, मंडळीतले सर्वांत जुने आणि चवीचे पक्के. प्याल्यापाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं,

"कसं लागलं?"

"फार गोड आहे, काका."

"मग? सहा वर्षं आम्ही हेच पितोय."

काकांनी सवयीने तोंड वाकडं केलं, घोट घेतला आणि मागच्यांसाठी बाजूला झाले. रांग दारापर्यंत गेली होती.