उघड्या डब्यातला कॅमेरा

उदारामला आधी कोणी उघडलेल्या वस्तूचा भारी तिटकारा. आहेराचं पुडकं कोणी फोडून पाहिलेलं दिसलं, तरी गड्याचं डोकं फिरायचं. आणि त्याच्याच पोरीनं, खुशबूनं, गोंदियाहून ओपन बॉक्सचा कॅमेरा आणला. कोणीतरी नेऊन परत केलेला, म्हणून स्वस्तात.

"दुसऱ्यानं टाकलेलं कायले आणलं वं घरात?"

"दुकानदार म्हणे, डिब्बा खुला है, माल नहीं. नाई पटला त तीन दिवसांत वापस घेते. फक्त डबा पायजे सोबत."

कॅमेरा हवा होता सारस पक्ष्यांसाठी. खालच्या ओल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, ऐन धानात, सारसांच्या जोडीनं घरटं केलं होतं. महिना उलटला तरी दोघं आळीपाळीनं बसूनच. जवळ जावं तर नर अंगावर धावून येई. धान कापायचं हार्वेस्टर गावात आजचाच दिवस होतं. अंडं कुजलंच असेल, मग पाखरापायी पिकलेलं धान झडू द्यायचं का, असं उदारामचं म्हणणं. खुशबूनं एवढंच मागितलं, की मशीन घालण्याआधी एकदा पाहा.

धुऱ्यावर, बांधीच्या कडेला उभं राहून त्यानं नाखुशीनंच कॅमेऱ्याला डोळा लावला. खुशबूनं बटण दाबलं आणि अख्खं घरटं नाकासमोर आलं. तो दचकून मागे सरला, मग पुन्हा वाकला.

मादी उठून उभी राहिली. पायाशी अंडं होतं, अंड्याला चीर गेली होती. चिरेतून इवलीशी चोच वर आली, थांबली, पुन्हा आली. मग ओलं पिल्लू डुगडुगती मान घेऊन बाहेर पडलं. आईनं आपली लांबलचक चोच खाली आणून त्याला इतकं हळू चाचपलं, की उदाराम डोळा काढायलाच विसरला. जन्मभर तो या बांधीत राबला होता. आपल्याच धानात असलं काही घडतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"पाय, बिघडला तुझा कॅमेरा. धुरकट दिसून राहिलं."

"बाबा, डोळे पुसा."

मागून हार्वेस्टरवाल्यानं हाक दिली.

"ये बांधी नहीं कटेगी," उदाराम म्हणाला. "मशीन वापस ले जाओ. हातानं कापीन मी मांगून, पिल्लू चालाले लागलं का."

तिसऱ्या दिवशी खुशबूनं भीत भीत विचारलं, "ठेवायचा का वापस करायचा?"

उदाराम रिकामा डबा बराच वेळ हातात फिरवत बसला होता.

"ज्यानं वापस केला, त्या बिचाऱ्यानं यातून काईच पायलं नसन," तो म्हणाला, आणि त्यानं डबा चुलीत घातला.